गळाची दोरी : गोफविणीची दोरी व अग्रदोरी

गळ टाकून मासा धरताना गळाचा आकडा आणि धरणाऱ्याचा हात, काठी किंवा रीळ यांना जोडणारा लांब, बारीक व चिवट दोर म्हणजे गळाची दोरी होय. कोकणात गळाच्या आकड्याला गरी व गळाने मासे धरण्याला गरवणे असे म्हणतात. या दोरीला परस्परविरोधी अशी दोन कामे करावी लागतात. माशाचा झटका व ओढ सहन करण्याइतकी ती बळकट असावी लागते. पण बळकटीसाठी ती जाड केली, तर माशाला दिसते आणि मासा आमिषाला तोंड लावत नाही. दोन्ही कामे सारख्याच उत्तम रीतीने करणारा पदार्थ अद्याप मिळालेला नाही. म्हणून मुख्य दोरी एका पदार्थाची व तिच्या टोकाला आकड्यालगत जोडावयाचा हातभर ते काही मीटर लांबीचा तुकडा दुसऱ्या पदार्थाचा, अशी विभागणी फार पूर्वीपासून रूढ झाली. या तुकड्यास लीडर म्हणतात. प्रस्तुत नोंदीत त्यास अग्रदोरी म्हटले आहे. मुख्य दोरी घोड्याच्या केसांपासून रेशीम, ताग जातीचे तंतू, नायलॉन व पॉलिएथिलीन अशी बदलत गेली. प्रत्येक नव्या पदार्थाने आधीच्या पदार्थाचा एक दोष दूर केला. पण त्याबरोबर दोरीची निवड करण्याचे आणि तिची निगा राखण्याचे नवे नियमही आणले.

प्राचीन काळ : ईजिप्तमधील बेनी हसन येथील थडग्यांतील भित्तिचित्रांत (इ. स. पू. सु. २०००) काठी व दोरी घेऊन मासे धरणारी माणसे दाखविली आहेत. दोरीच्या निवडीविषयी स्पष्ट विवेचन ग्रीक लेखक प्लूटार्क (इ. स. सु. ४६–सु. १२०) याच्या प्राण्यांच्या बुद्धीविषयीच्या ग्रंथात आढळते. दोरीसाठी घोड्याचे केस घ्यावेत, घोडीचे घेऊ नयेत. कारण घोडीचे केस मूत्राने भिजून दुबळे होतात, दोरीत गाठी शक्य तितक्या कमी असाव्यात आणि आकड्याजवळचा भाग पांढऱ्या केसांचा असावा, म्हणजे तो पाण्याच्या रंगात मिसळून जातो, असे त्याने नमूद केले आहे. आकड्याच्या वर दोरीभोवती शिंगाचा तुकडा बसविण्याच्या होमरकालीन पद्धतीचा खुलासाही त्याने ॲरिस्टॉटलच्या आधारे केला आहे : माशाने दोरी चावून तोडू नये म्हणून हे शिंग असे. डोळ्याला न दिसणे व दाताला न तुटणे ही अग्रदोरीची दोन्ही प्रयोजने अशा प्रकारे दोन हजार वर्षांपूर्वीच ओळखली गेली होती.

रोमन लेखक ईलियन (सु. १७५–सु. २३५) याने मॅसिडोनियातील नदीवर कृत्रिम माशी बांधून मासे धरण्याची रीत वर्णिली आहे. तीत काठी व दोरी दोन्ही सु. सहा फूट लांबीच्या सांगितल्या आहेत. दोरी काठीच्या टोकाला पक्की बांधलेली असल्याने तिची लांबी अर्थातच मर्यादित राही.

भारतात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा तिसरा सोमेश्वर (कार. ११२७–११३८) याच्या मानसोल्लास अथवा अभिलषितार्थचिंतामणि या संस्कृत ग्रंथात मत्स्यविनोद नावाचे प्रकरण आहे. त्यात माशांच्या जाती, त्यांना घालावयाचे खाद्य आणि गळाने त्यांना धरण्याची रीत यांचा राजविनोद म्हणून विचार केलेला आहे. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या प्रकरणाचे मत्स्यशास्त्रीय विवेचन प्रसिद्ध केले. बंगालमध्ये मुगा रेशमाची पीळदार दोरी गळकाठीवर वापरण्याची पद्धत होती. पश्चिम किनाऱ्यावर कापसाच्या व तागासारख्या तंतूंच्या दोऱ्या व जाळी कुजू नयेत म्हणून ती ऐनाच्या सालीच्या काढ्यात बुडवीत. सालीतील टॅनिनामुळे तंतूंवर जीवाणूंचा परिणाम उशिरा होतो.

केसांची दोरी : इंग्लंडमध्ये १४९६ साली विंकिन द वर्ड याने छापलेल्या गळविषयक प्रबंधात केसांच्या दोरीची सविस्तर माहिती आहे. हा प्रबंध परंपरेने जुलियाना बर्नर्स हिचा मानला जातो. मात्र त्याविषयी मतभेद आहेत. कोणत्या माशासाठी किती केसांची दोरी घ्यावी याचे कोष्टकच त्यात दिले आहे : अगदी लहान मिनो माशासाठी १ केस, पर्चसाठी ४, ट्राउटसाठी ९, मोठ्या ट्राउटसाठी १२ व सॅमनसाठी १५. पाइक या तीक्ष्ण दातांच्या माशासाठी मात्र केस निरुपयोगी असल्याने तारेची जोड सांगितली आहे. ऋतू व पाण्याचा रंग यांनुसार केस हिरवे, पिवळे, तपकिरी इ. रंगांत रंगविण्याच्या कृतीही त्यात आढळतात. माशाच्या वजनानुसार मुख्य दोरी, त्याच्या दातांनुसार टोक आणि पाण्याच्या रंगानुसार छटा, ही निवडीची त्रिसूत्री तेव्हापासून बदललेली नाही.

आयझाक वॉल्टन (१५९३–१६८३) याच्या द कंप्लीट अँग्लर (१६५३) या ग्रंथात गोल, स्वच्छ व सारख्या जाडीचे केस निवडून पीळ देण्याचा आणि पिळलेली दोरी काही वेळ पाण्यात ठेवून पुन्हा पिळण्याचा सल्ला आहे. भिजल्यावर काही केस इतरांपेक्षा अधिक आखडतात. पीळ तसाच ठेवल्यास सगळा ताण त्या मोजक्या केसांवर येऊन दोरी तुटते. ताण सर्व पदरांवर सारखा वाटला जावा, हेच पुढे गोफविणीच्या दोरीचेही तत्त्व ठरले.

केसांची दोरी घोड्याच्या शेपटीच्या केसाहून लांब करावयाची, तर तुकडे गाठींनी जोडावे लागत. रिळाचा प्रसार होईपर्यंत यात मोठी अडचण नव्हती. चिनी चित्रकार मा युआन याच्या सु. ११९५ मधील चित्रात काठीवर रीळ दिसते; इंग्लंडमध्ये रिळाचा उल्लेख टॉमस बार्कर याच्या १६५१ च्या पुस्तकात येतो. रिळामुळे मासा दूर पळू लागला असता दोरी सोडता येऊ लागली. पण ती काठीवरील कड्यांतून सुळसुळीतपणे सरकणे आवश्यक झाले. गाठी कड्यांत अडकू लागल्या आणि अखंड, गाठविरहित दोरीची गरज निर्माण झाली. ही गरज रेशमाने भागविली.

रेशीम व रेशीमकिड्याची आतडी : रोजनिशीकार सॅम्युएल पीप्स (१६३३–१७०३) याने १६६७ मध्ये रोगण दिलेल्या वाद्याच्या तातीने मासे धरण्याचा एका परिचिताचा प्रयोग नोंदविला आहे, रोगणामुळे तात पाण्याने फुगत नसे व ती केसाहून बारीक व बळकट असे. अठराव्या शतकात तिची जागा रेशीमकिड्याच्या तथाकथित आतडीने घेतली. वास्तविक ही आतडी नसून किड्याच्या रेशीमग्रंथी असतात. कोश विणण्याच्या बेतात आलेले किडे शिर्क्यात भिजवून त्यांच्या ग्रंथी काढीत व हाताने ओढून त्यांची तार बनवीत. स्पेनमधील मूर्सिया हा प्रांत या धंद्याचे प्रमुख केंद्र होता. जपानमध्ये अशाच तारेला तेगुसू म्हणत. ती चीनमधून येई आणि नायलॉनच्या गळदोरीलाही तेथे तोच शब्द पुढे चालू राहिला.

ही तार पाण्यात जवळजवळ पारदर्शक दिसे. परंतु तिचे तुकडे हातभरच लांब असत. म्हणून ती मुख्य दोरीसाठी न वापरता अग्रदोरीसाठी वापरली गेली. जाड तुकड्यांना क्रमाने बारीक तुकडे जोडून निमुळती अग्रदोरी करीत. चकाकी जावी म्हणून तार चहात किंवा शाईत बुडवीत. कोरडी असताना ती काचेसारखी ठिसूळ होई व गाठ आवळताच तुटे. म्हणून ओलसर लोकरी कापड घातलेल्या पत्र्याच्या चपट्या डबीत ती बाळगीत.

मुख्य दोरी गोफविणीच्या रेशमाची होऊ लागली. पीळदार दोरीचा दोष असा की, भार पडताच ती उलट फिरून पीळ सोडू पाहते व सैल होताच तिच्या गुंडाळ्या होतात. गोफात निम्मे पदर उजवीकडे व निम्मे डावीकडे फिरत एकमेकांच्या खालून-वरून जातात; दोन्ही दिशांची ओढ परस्परांस तोलते व दोरी फिरत नाही. शिमग्यात मधल्या खांबाला बांधलेल्या रंगीत पट्ट्या हाती घेऊन नाचणारे आत-बाहेर होत गोफ विणतात. गोफयंत्रातील सुताच्या कांड्या नेमक्या तशाच फिरतात. अशा यंत्राचे एकस्व मँचेस्टर येथे १७४८ मध्ये देण्यात आले होते. रेशमाच्या गोफात पाणी शिरू नये म्हणून एकोणिसाव्या शतकात त्यावर उकळलेल्या जवसाच्या तेलाची पुटे देत. तेल विणीत खोलवर मुरावे यासाठी हवा काढून घेतलेल्या पात्राचाही उपयोग करीत.

या दोरीची निगा हा गळ टाकणाऱ्याच्या दिनक्रमाचाच भाग होता. संध्याकाळी ती रिळावरून पूर्णपणे उलगडून चौकटीवर वाळवावी लागे. ओली दोरी रिळावर राहिल्यास आतून कुजे व बाहेरून धड दिसत असतानाच ऐन वेळी तुटे. सकाळी ती तरंगावी म्हणून तिला चरबी चोळीत. उष्णतेने तेलाचे पूट चिकट झाल्यास ते घासून काढून नवे देत. हेन्री सलिव्हन टॉमस या मद्रास इलाख्यातील मुलकी अधिकाऱ्याने द रॉड इन इंडिया (१८७३) हे महसीर व इतर भारतीय माशांविषयीचे पुस्तक लिहिले, तेव्हा साधनांचा हाच संच प्रचारात होता.

खोल समुद्रातील मोठ्या माशांसाठी जवसाच्या झाडाच्या तंतूंची, म्हणजे लिननची, पीळदार दोरी वापरीत. ओले झाल्यावर लिननचे बळ वाढते, हा त्याचा विशेष गुण होय. अशा दोरीच्या एका पदराचे ओले बळ ३ पौंड (सु. १·३६ किग्रॅ.) धरीत, त्यामुळे ९ पदरी दोरी २७ पौंडांची व २४ पदरी ७२ पौंडांची असे. कॅलिफोर्नियातील ॲव्हलॉन येथे १८९८ मध्ये स्थापन झालेल्या ट्यूना क्लबाने अमुक पदरांच्या दोरीवर अमुक वजनाचा मासा धरणे हे कौशल्याचे माप ठरविले. आंतरराष्ट्रीय क्रीडा मासेमारी संघटना १९३९ मध्ये न्यूयॉर्क येथे स्थापन झाली. तिनेही विक्रमांची वर्गवारी दोरीच्या बळावर केली. हे बळ दोरी ओली करून मोजतात.

कृत्रिम तंतू : वॉलेस कॅरदर्झ (१८९६–१९३७) याने द्यू पाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत १९३५ मध्ये नायलॉन तयार केले व १९३८ मध्ये ते जाहीर झाले. थोड्याच काळात त्याची अखंड, एकतंतू तार गळासाठी मिळू लागली. कोकणात तिला तंगूस म्हणतात. ती कुजत नाही, भिजवून ठेवावी लागत नाही आणि हवी तितकी लांब मिळते. त्यामुळे रेशीमकिड्याच्या तारेचा धंदा विसाव्या शतकाच्या मध्यास मोडला. तथापि नायलॉन तुटण्यापूर्वी २० ते ३० टक्के ताणले जाते. त्यामुळे झटके पचतात. पण खोल पाण्यात माशाने आमिषाला केलेला हलका स्पर्श वर हाताला कळत नाही. ते पाणी शोषते व ओले झाल्यावर काहीसे दुबळे होते. उन्हातील जंबुपार किरणांनीही त्याची झीज होते.

इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड व डिक्सन यांनी १९४१ मध्ये शोधलेल्या पॉलिएस्टरापासून पुढे डेक्रॉन नावाने गोफविणीची दोरी निघाली. ती नायलॉनहून कमी ताणली जाते व तिने लिननची जागा घेतली. मात्र तिची गाठ दुबळी असे. १९६५ मध्ये स्टेफनी क्वोलेक यांच्या संशोधनातून निघालेल्या केव्हलार तंतूचाही प्रयोग झाला. परंतु त्याचे धागे गाठीत एकमेकांना कापत व उन्हाने खराब होत.

खरा बदल पॉलिएथिलिनाने घडविला. नेदर्लंड्समधील डीएसएम कंपनीत पॉल स्मिथ व पीट लेमस्ट्रा यांनी १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस जेल-कताईची पद्धत सिद्ध केली. या पद्धतीत लाखो रेणुभाराचे पॉलिएथिलीन विद्रावकात अल्प प्रमाणात विरघळवून त्या विद्रावाचे तंतू काढतात व ते गरम करून मूळ लांबीच्या कित्येक पट ओढतात. गुंतलेल्या लांब रेणुसाखळ्या त्यामुळे एका दिशेने सरळ व घट्ट बसतात. डायनिमा व स्पेक्ट्रा या नावांनी हे तंतू प्रसिद्ध आहेत. १९९० नंतरच्या दशकात त्यांच्या गोफविणीच्या गळदोऱ्या जगभर पसरल्या.

दोरीची निवड : पॉलिएथिलिनाची गोफदोरी त्याच जाडीच्या नायलॉनच्या दोन ते तीन पट भार सहन करते व तुटण्यापूर्वी केवळ ३ ते ४ टक्के ताणली जाते. बारीक असल्याने ती लांब फेकली जाते, प्रवाहात कमी ओढली जाते आणि रिळावर अधिक लांबीची मावते. चार पदरांच्या गोफात प्रत्येक पदर जाड असल्याने तो घर्षणास अधिक टिकतो. आठ किंवा त्याहून अधिक पदरांचा गोफ गोल व गुळगुळीत असल्याने कड्यांतून निःशब्द सरकतो. शेवाळ व पाणवनस्पती यांतून मरळ खेचून काढावयाचा असता न ताणली जाणारी गोफदोरी उपयोगी पडते. खडकाळ तळावर मात्र तीच दोरी कालवांच्या धारेवर ताणलेल्या अवस्थेत क्षणात कापली जाते.

तिचे दोष तिच्या गुणांतूनच येतात. ती न ताणली जाणारी असल्याने माशाच्या झटक्याने आकडा तोंडातून फाटून निघू शकतो. म्हणून काठी लवचिक घेतात व रिळाचा रोध दोरीच्या बळाच्या सु. चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याइतका ठेवतात. ती गुळगुळीत असल्याने साधी गाठ घसरते. म्हणून अधिक वेढ्यांच्या गाठी माराव्या लागतात. ती सु. १४५°–१५०° से. तापमानास वितळते, तर नायलॉन २२०° से. किंवा त्याहून अधिक तापमानास वितळते. म्हणून घर्षणाची उष्णता तिला बाधते व गाठ ओली करून सावकाश आवळावी लागते. ती अपारदर्शक असल्याने स्वच्छ पाण्यात दिसते. शेवटच्या दोषामुळे अग्रदोरी पुन्हा अपरिहार्य ठरली.

अग्रदोरीची निवड : अग्रदोरी अदृश्य हवी की कणखर, हा पहिला प्रश्न असतो. जपानमधील कुरेहा कंपनीने १९७१ मध्ये पॉलिव्हिनिलिडीन फ्ल्युओराइडाची दोरी बाजारात आणली. तिचा प्रणमनांक सु. १·४२ आहे. नायलॉनचा सु. १·५३ व पाण्याचा १·३३ असल्याने ही दोरी पाण्यात नायलॉनहून कमी उठून दिसते. तिची घनता सु. १·७८ असल्याने ती बुडते. नायलॉनची घनता १·१४ व पॉलिएथिलिनाची ०·९७ असून पॉलिएथिलीन पाण्यावर तरंगते. ही अग्रदोरी घर्षणास टिकाऊ व पाणी न शोषणारी, परंतु नायलॉनहून ताठ असते.

माशाच्या मुखरचनेवर दुसरा निर्णय अवलंबून असतो. सुरमईचे दात धारदार असल्याने तिच्यासाठी तारेचा तुकडा लावतात. जिताड्याला असे दात नसतात. पण त्याचे ओठ कानशीसारखे खरखरीत व कल्ल्यांची झाकणे धारदार असल्याने जाड नायलॉनची किंवा फ्ल्युओरोकार्बनाची अग्रदोरी पुरते. खडकांच्या कपारीत शिरणाऱ्या तांबोशीसाठी लांब व जाड अग्रदोरी घेतात. अति लांब अग्रदोरीने मासा हाताने आत ओढणे सोपे होते. म्हणून विक्रमांसाठी तिच्या लांबीवर मर्यादा आहे. समुद्रात १० किग्रॅ. पर्यंतच्या वर्गात ती ४·५७ मी. व त्यावरील वर्गांत ९·१४ मी. इतकी ठेवलेली आहे.

निगा : कुजण्याची भीती गेल्याने गोफदोरीची निगा सोपी झाली, पण संपली नाही. खाऱ्या पाण्यानंतर रीळ गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवितात. विणीत अडकलेले मिठाचे कण व वाळू आतून धागे झिजवितात. गोफदोरी रिळाच्या गुळगुळीत धातूवर घसरत असल्याने आधी काही मीटर नायलॉन गुंडाळून तिच्यावर ती ताण देऊन घट्ट चढवितात. सैल गुंडाळल्यास भार पडताच वरचे वेढे खालच्या वेढ्यांत रुतून बसतात. टोकाकडचे काही मीटर बोटांतून फिरवून पाहतात. केसाळ झालेला भाग तोडून नवी गाठ मारतात. रंग उडणे हा दोष नव्हे. सुटलेले धागे हा होय. झीज फेकण्याच्या टोकाकडेच होत असल्याने संपूर्ण दोरी उलटी करून चढविल्यास आतला न वापरलेला भाग उपयोगात येतो. नायलॉनची अग्रदोरी उन्हात ठेवीत नाहीत; नखाखाली खरखरीत लागताच ती बदलतात. आकडा तळाशी अडकल्यास गोफदोरी हाताभोवती गुंडाळून ओढणे धोक्याचे असते, कारण ती मांस कापते. त्यासाठी लाकडी दांडक्याला वेढे देऊन ओढतात.

टाकून दिलेली दोरी : रेशीम एका ओल्या रात्रीत कुजे, हा जुन्या काळचा त्रास होता. कृत्रिम दोरी कुजत नाही, हीच तिची मोठी सोय आणि तीच तिची मोठी हानी होय. खडकावर तुटलेली किंवा किनाऱ्यावर टाकलेली दोरी वर्षानुवर्षे टिकते आणि पक्ष्यांच्या पायांना, कासवांच्या पोहण्याच्या अवयवांना व पोहणाऱ्यांनाही अडकते. अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात २००१ पासून धक्क्यांवर एकतंतू दोरी जमा करण्यासाठी नळीसारख्या पेट्या बसविल्या आहेत. तिचे वितळवून पुनर्वापर होणारे पदार्थ करता येतात. मात्र गोफदोरी व तार या योजनेत घेत नाहीत. म्हणून गोफदोरीचे तुटके तुकडे बारीक कापून बंद कचऱ्यातच टाकणे, हा तिच्या निगेचा शेवटचा व वगळता न येणारा भाग मानला जातो. घोड्याचा केस नदीत पडला, तर नदी त्याची विल्हेवाट लावीत असे. नव्या दोरीची विल्हेवाट ती वापरणाऱ्यालाच लावावी लागते.